रेडिएटर धुवायचा तर आधी पाण्याचं बघा

आमच्या अनगोळात गाडी तापली की पहिला सल्ला ठरलेला: "थंड होऊ दे, मग पाणी घाला की." कुठलं पाणी, ते कोणी विचारत नाही. बोअरचं, नळाचं, चोर्ला घाटातून येताना वाटेतल्या ओढ्याचं, सगळं चालतं. माझं आयुष्य उद्यमबागेत लेथवर गेलं. मशीनच्या कूलंटमध्ये कोणी बोअरचं पाणी मिसळलं की टाकीच्या कडेला पांढरी कड धरायची, आणि ती खरवडायला शेवटी आम्हीच. गाडीच्या इंजिनात तीच कड धरते, फक्त ती दिसत नाही. गिझरची कॉइल कधी काढून बघितली असेल तर अंदाज येईल. क्षार नेमके सगळ्यात गरम जागी बसतात, म्हणजे जिथून उष्णता बाहेर काढायची तिथेच.

भाच्याचा नेहमीचा सवाल: "मामा, आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय? कूलंट कशाला?" कूलंट म्हणजे रेडिएटरमधून इंजिनात फिरणाऱ्या पाण्यात मिसळायचं द्रव. न गोठणं हे त्याचं एक काम झालं. दुसरं म्हणजे आतलं ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजू न देणं. आणि तिसरं, उकळण्याचा बिंदू वर नेणं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्यावर कॅपचा, म्हणजे रेडिएटरच्या झाकणाचा, दाब आला की आणखी बरंच वर. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हाच दाब. तवंदी घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढताना समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. तिथे हे वरचे अंश उपयोगी पडतात.

हे धुणं आणि कूलंट बदलणं कधी करायचं? कंपनीच्या पुस्तिकेत मुदत दिलेली असते, ती पाळा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण २ वर्षांत थकतं, नवीन प्रकारचं ५ वर्षंही जातं. रंगावर विश्वास ठेवू नका, हिरवा-लाल-निळा हा कंपन्यांचा मामला आहे, डब्यावरचा प्रकार वाचा. कूलंटच्या टाकीत तांबूस गढूळ पाणी दिसलं तर मुदतीची वाट बघू नका. मात्र चहासारखा दुधाळ चिकट थर दिसला, तर आत तेल मिसळतंय. मग धुवायच्या भानगडीत न पडता थेट गॅरेज गाठा.

सामान आदल्या दिवशी आणा: कूलंट (पाणी न मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट म्हणून मिळतं ते), बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, पसरट घमेलं, नरसाळं, पक्कड, हातमोजे. डिस्टिल्ड वॉटर हात आखडून आणू नका. धुवायलाच जास्त लागतं.

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर काम करा. गरम इंजिनची कॅप उघडायची नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, झाकण फिरवलं की तोंडावर येतं. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड. विजेच्या पंख्याजवळ हात नेण्याआधी चावी काढून खिशात ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा सुरू होतो.

कॅप उघडा, खाली घमेलं ठेवा, रेडिएटरच्या बुडाची तोटी सैल करा. ती प्लॅस्टिकची असते, पक्कड जपून. तोटीच नसेल तर खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप मागे सरकवून होज ओढा. बाजूची कूलंटची टाकीही रिकामी करून धुऊन घ्या.

इथे बहुतेक जण थांबतात आणि नवीन कूलंट ओततात. पण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला वाट देणारी झडप, बंद असल्यामुळे इंजिनातलं बरंच जुनं पाणी आतच राहिलेलं असतं. म्हणून तोटी बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन सुरू करा. वरच्या होजला अधूनमधून हात लावत राहा. आधी गार असतो, मग एकदम चटका बसेल इतका तापतो. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास. आणखी थोडा वेळ चालवून बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच सोडा. गडबड करून गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. घमेल्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. रंग असेल तर पुन्हा तेच. वैतागवाणं आहे, पण खरं धुणं हेच. बाजारात मिळणारं फ्लशचं रसायन जुन्या रेडिएटरला मी लावणार नाही. कधी कधी घाणीनेच एखादं बारीक भोक बुजलेलं असतं.

पाणी गार होईपर्यंत रेडिएटरची जाळी बाहेरून धुऊन टाका. खानापूर-जांबोटीकडे ज्यांची ये-जा आहे त्यांच्या जाळीत तांबडी माती आणि किडे गच्च असतात. साधा पाइप, इंजिनच्या बाजूने बाहेर. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा मारलात तर पातळ पट्ट्या वाकतात.

आता भरणं, आणि थोडा हिशेब. शेवटचं धुतलेलं पाणी आत उरलेलंच असतं. तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होणार. म्हणून पुस्तिकेत क्षमता ४ लिटर असेल तर आधी २ लिटर निव्वळ कूलंट ओता, वरची जागा डिस्टिल्डने भरा.

शेवटी हवा काढायची. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, वरचा होज हलके दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत जा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून पाणी अखंड येऊ द्या. बुडबुडे थांबले की कॅप लावा. तिचं रबर कडक झालं असेल तर नवीन घ्या. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर टाकीची पातळी बघा, दोन रेघांच्या मध्ये हवी.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा माडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात. कॅनमध्ये भरून वर नाव लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजवाल्याला 'हे घेता का' म्हणून विचारा. ऑइलमध्ये मात्र मिसळू नका, दोन्ही वाया जातात.