कोकणातल्या चित्रकार मंडळाचं बातमीपत्र: तारीख धरण्यापासून निरोप पोचेपर्यंत

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या चित्रकारांचं मंडळ म्हटलं की त्याचे सभासद विखुरलेलेच असणार. कुणी देवरुखात कलाशिक्षक, कुणी पेणला गणपतीच्या कारखान्यात, कुणी कणकवलीत बोर्ड रंगवणारा, कुणी नोकरीसाठी मुंबईत आणि सणासुदीला गावात. या सगळ्यांना बांधून ठेवतं ते वेळेवर आलेलं, पुरतं लिहिलेलं बातमीपत्र. उपक्रम कितीही चांगला ठरवा, बातमी उशिरा गेली किंवा अर्धवट गेली की नेहमीचेच आठ जण जमतात.

आधी तारीख, मग उपक्रम

वर्षाचा आराखडा करायला बसाल तेव्हा इंग्रजी कॅलेंडरच्या शेजारी पंचांग ठेवा. आधी कोणत्या तारखा वापरता येणार नाहीत ते काढा.

गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन महिने कार्यशाळेसाठी सोडून द्या. कोकणात हात चांगला असलेला निम्मा माणूस त्या दिवसांत गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, असतो, आणि शेवटच्या पंधरवड्यात तर डोळ्यांच्या आखणीपायी रात्रीही तिथेच असतो. त्याला बोलावू नका, तुम्हीच त्याच्याकडे जा. शाळेच्या मालकाची परवानगी घेऊन पाच-सहा जणांनी दोन तास बसून रेखाटनं करणं हा त्या काळातला उत्तम उपक्रम आहे. माणसं त्याहून जास्त झाली तर कामात अडचण होते.

शासकीय रेखाकला परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येतात आणि सगळे कलाशिक्षक त्यांत गुंततात. वेळापत्रक जाहीर झालं की ते बातमीपत्रात टाका आणि ते दिवस मोकळे ठेवा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असते. हॉल रिकामे मिळतात, पण माणूस मिळत नाही. मालवण परिसरात फेब्रुवारी-मार्चमध्ये काही करायचं असेल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी कळू द्या. ती तिथीवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन जाहीर होते, आणि त्या दोन-तीन दिवसांत खोली, रिक्षा, जेवण काहीच हाताशी लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर बसून चित्रं काढायला चांगले. कार्तिकातल्या जत्रांपासून सिंधुदुर्गात दशावतार सुरू होतो. रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या जागेत, दिव्याखाली स्वतःचा चेहरा रंगवणारा कलाकार रेखाटायला मिळतो, फक्त मंडळीला आधी विचारा आणि आरशासमोर उभे राहू नका. प्रदर्शन भरवायचं तर मे महिना. उकाडा असतो, पण शाळांना सुटी असते, चाकरमानी गावी असतात आणि चित्रं विकली जाण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यांत जास्त.

पावसाळ्यात छपराखालचे उपक्रम ठेवा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या) जुन्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या गंगावणे कुटुंबाने जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर दिसतात, आणि तिथून लाकडी खेळण्यांची चितार आळी जवळच. अशा ठिकाणी फोन करून मगच जा, आणि लोककलावंताला मानधन किती देणार ते बातमीतच लिहा. ते लिहिलेलं नसलं की ऐनवेळी वर्गणीची कुजबुज सुरू होते आणि कलावंताला अवघडल्यासारखं होतं.

किनाऱ्यावरचा उपक्रम: तिथीवरून वेळ काढणं

किनाऱ्यावरच्या बैठकीची वेळ समुद्र ठरवतो. त्याचा कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल तितक्या वाजता भरती. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

हा हिशोब मुंबई-अलिबागला बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, मालवण-वेंगुर्ल्याला जवळजवळ तासभर. म्हणून अंदाज तिथीवरून बांधा आणि जाहीर करण्याआधी त्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता पाहा.

समजा तुम्हाला सकाळच्या तिरप्या उन्हात लांबवर उघडी पडलेली ओली वाळू आणि तिच्यातलं होड्यांचं प्रतिबिंब हवं आहे. म्हणजे ओहोटी आठ-साडेआठला हवी. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढची द्वितीया-तृतीया त्यासाठी बरोबर बसते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी ना फार चढत, ना फार उतरत, आणि ओहोटी दुपारी येते, जेव्हा सगळं पांढरं-सपाट दिसतं. तारखेच्या चुका बहुतेक इथेच होतात, कारण सुटीचा रविवार बघून दिवस ठरवला जातो आणि तिथी कुणी बघत नाही. महिन्यात चार-पाच रविवार असतात, त्यांतला जुळणारा निवडा. रायगडच्या किनाऱ्यावर पाणी जितकं मागे जातं तितकं सिंधुदुर्गात जात नाही, तेव्हा अलिबागचा अनुभव धरून निवतीची बैठक आखू नका.

अलिबागचा कुलाबा किल्ला घेतलात तर निघायची वेळ बातमीत ठळक लिहा. ओहोटीला चालत जाता येतं, पण चित्रात रंगलेला माणूस पाण्याकडे बघत नाही आणि भरती लागली की सामानासकट अडकतो. ओहोटीच्या वेळेनंतर दीड तासाच्या आत सगळ्यांनी किनाऱ्यावर परत, असा नियम ठेवा. सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्यासारख्या पाण्यातल्या किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. संरक्षित स्मारकात स्टँड मांडायचा असेल तर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला आधी विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावरचा लिलाव तेव्हा मिळणार नाही. पण ओढून ठेवलेल्या, झापांनी शाकारलेल्या होड्या मिळतात आणि त्या हलत नाहीत.

एक बातमी, पुरती लिहिलेली

नमुना म्हणून हा मजकूर घ्या:

«हर्णै बंदर, रेखाटन आणि जलरंग. रविवार, पौष कृष्ण तृतीया (पुढे तारीख). सकाळी ७ ते ९.३०. ओहोटी आठच्या सुमाराला. जमायचं बंदराच्या कमानीपाशी पावणेसातला. मुंबईहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी खेडला उतरून एसटीने दापोली, तिथून हर्णै. मुक्कामाची सोय १२ जणांची, खर्च प्रत्येकी (आकडा). साहित्य आपलं आपण. फळी, चार क्लिपा आणि दोन लिटर गोडं पाणी आणावं. सावली नाही, टोपी हवी. लिलावाच्या आणि होड्या ओढायच्या वाटेत बसू नये, माणसांचे फोटो विचारून काढावेत. नावं (तारीख) पर्यंत, एकाच क्रमांकावर.»

गोडं पाणी का, तर समुद्राच्या पाण्याने जलरंग लावले की मीठ कागदात राहतं, ते हवेतला ओलावा धरतं आणि तो कागद पावसाळ्यात पुन्हा पुन्हा ओलसर होतो. «पावणेसातला» लिहिल्याशिवाय सातची बैठक साडेसातला सुरू होते आणि ओहोटी काही थांबत नाही. संपायची वेळही लिहिलीच पाहिजे. गावातून आलेल्याला परतीची एसटी धरायची असते, आणि संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर वस्तीची गाडी चुकली की रात्रभराचा प्रश्न. वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक पाहा, पाहुण्यांची सोय नंतर.

फोन करायचा क्रमांक एकच द्या. दोन दिले की दोन याद्या होतात आणि १२ जणांच्या खोलीत १७ माणसं येतात.

केव्हा पाठवायचं

मुक्कामी उपक्रमाची पहिली बातमी ७० दिवस आधी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुटीच्या दिवसांत कोकणाची गाडी काही मिनिटांत भरते, म्हणून मुंबई-पुण्याच्या सभासदाच्या हाती तारीख त्याआधी हवी. या बातमीत फक्त तारीख, ठिकाण आणि जवळचं स्टेशन पुरे. दुसरी, वरच्यासारखी सविस्तर, तीन आठवडे आधी. तिसरी दोन दिवस आधी, चार ओळींची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं आणि गाड्या सावकाश धावतात. जुलैतल्या उपक्रमाला जुन्या वेळा देऊ नका.

मजकूर अक्षरांत पाठवा. पोस्टरचं चित्र सोबत असू दे, पण सगळी माहिती चित्रातच टाकली तर ती शोधता येत नाही, पुढे कॉपी करता येत नाही, आणि जिथे रेंज एका काडीवर असते तिथे ती उघडतच नाही. पोस्टर १०८० पिक्सेल रुंदीचं पुरतं. व्हॉट्सअॅपवर बातमीसाठी वेगळा गट ठेवा, ज्यात फक्त संपादक लिहू शकतो. गप्पांचा गट निराळा. एकाच गटात दोन्ही ठेवलं तर सुप्रभातच्या फुलांखाली प्रवेशिकेची शेवटची तारीख गाडली जाते. ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर लक्षात ठेवा, ज्याने तुमचा क्रमांक फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला निरोप जात नाही. ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना फोनच करावा लागतो. त्यांची नावं आपसांत वाटून घ्या.

मासिक बातमीपत्रात सगळ्यांत वर मुदती: कोणत्या प्रदर्शनाची प्रवेशिका केव्हा संपते. त्याखाली आपले उपक्रम, मग सभासदांची प्रदर्शनं, शेवटी पुरस्कार आणि निधनवार्ता. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची निवेदनं मूळ पत्रकावरूनच घ्या. फिरत आलेल्या निरोपात गेल्या वर्षीची तारीख असण्याचा संभव फार. प्रवेश शुल्क किती, चित्र नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, निवड न झालेलं चित्र केव्हापर्यंत परत न्यायचं, या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय बातमी छापू नका. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला «आंतरराष्ट्रीय पुरस्कार» वाटणाऱ्या संस्थांना जागाच देऊ नका. विद्यार्थी फसतात आणि घरचे पैसे जातात.

प्रदर्शनाच्या प्रवेशिका मागवताना

आधी भिंत मोजा, मग आवाहन लिहा. ४० फूट भिंतीवर दोन फूट रुंदीची चित्रं नऊ इंच अंतराने लावली तर प्रत्येकी ३३ इंच जातात, म्हणजे १४ चित्रं. तीस सभासदांकडून दोन-दोन मागवलीत तर निम्म्याहून जास्त परत पाठवावी लागतील आणि त्यात माणसं दुखावतात. फ्रेमसह जास्तीत जास्त रुंदी आवाहनातच सांगा.

मापं इंचांत, आधी उंची मग रुंदी, फ्रेमसह. नाव जसं छापायचं तसं देवनागरीत. माध्यम, वर्ष, किंमत किंवा «विक्रीसाठी नाही». फोटो कसा काढायचा हेही लिहा, कारण रंगाची सगळ्यांत मोठी चूक इथे होते: जांभ्याचा चिरा आणि अंगणातली लाल माती उन्हात तांबडा उजेड फेकतात, आणि निळं-करडं चित्र फोटोत तपकिरी येतं. सकाळी दहाच्या सुमाराला पडवीच्या सावलीत चित्र उभं करावं, समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरावी, फोन चित्राच्या मध्यावर समांतर धरावा, फ्लॅश बंद. काच घालण्याआधीच फोटो काढावा.

पावसाळ्याच्या तोंडाशी प्रदर्शन असेल तर फ्रेमबद्दल चार ओळी घालाच. कागद काचेला टेकलेला असला की तिथे पाणी धरतं, बुरशी येते, जलरंग काचेला चिकटतो; दोन-तीन मिलिमीटरचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) मधे हवा. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की ओल्या भिंतीपासून हवा खेळते. ॲक्रिलिकची चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून टेम्पोत घालू नका, उन्हात ती चिकटतात. प्लॅस्टिक थेट चित्रावर गुंडाळू नये, आत घाम धरतो. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, प्लॅस्टिक सगळ्यांत बाहेर.

प्रदर्शन उतरवल्यावर आठ दिवसांच्या आत एक बातमी जायला हवी: किती चित्रं विकली गेली, जमाखर्च, कुणाची चित्रं अजून कोणाकडे आहेत आणि ती केव्हापर्यंत न्यायची. ही बातमी उशिरा गेली तर पुढच्या वेळी प्रवेशिका कमी येतात. जून-जुलैत उपक्रम कमी असतात तेव्हा सभासदांची यादी काढून बसा. बदललेले क्रमांक, बदलीचं गाव, कोण कायमचं गावी परतलं, कुणाकडे कार्यशाळेला जागा आहे, कुणाकडे टेम्पो आहे, हे एकेकाला फोन करून लिहून घ्या.