गच्चीवर कोलाज फिल्म दाखवायच्या तर

आर्थर लिपसेटच्या कोलाज फिल्म, म्हणजे इकडचे तिकडचे तुकडे जोडून केलेल्या, लोकांना दाखवायच्या असतील तर पडद्याच्या आधी स्पीकरचं बघा. हा कॅनडाचा माणूस, तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डात एडिटिंग करायचा, दुसऱ्यांनी कापून टाकलेले आवाजाचे तुकडे गोळा करून जोडायचा, चित्रं नंतर आली. १९६१ची 'व्हेरी नाईस, व्हेरी नाईस' अशीच झाली, जेमतेम ७ मिनिटांची, बरेचसे नुसते फोटो, आणि थेट ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली.

इंदूरला रामबागेत एका गच्चीवर आम्ही पहिल्यांदा लावली तेव्हा आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्याच स्पीकरचा होता. चित्र समोर, बोलणं पाठीमागून, आणि जवळ बसलेल्यांना पंख्याची घरघर, अर्धी फिल्म तिथेच वाया गेली. तेव्हा एकच बरा स्पीकर घ्या, पडद्याच्या बरोब्बर खाली स्टुलावर ठेवा, लांब वायर आणा, ब्लूटूथ नको, आवाज मागे पडतो.

घरी बघायला या फिल्म त्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साईटवर फुकट आहेत, पण लोक बोलावून शो करायचा तर आधी बोर्डाला मेल टाकून परवानगी घ्या आणि त्याच मेलमध्ये फाईल मागा. गच्चीवरच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

पडदा म्हणजे पांढरी चादर चालते, इस्त्री करून, मागे काळं कापड लावून, चारी टोकं ताणून बांधायची. मग प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ करा, हे लोक हमखास विसरतात. जुनी फ्रेम जवळपास चौकोनी असते, ती ताणून रुंद केली की माणसं बुटकी दिसतात, आणि लिपसेटकडे तर सगळे चेहरेच आहेत हो, रस्त्यातले, गर्दीतले, तेच बिघडले तर काय दाखवलं! बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

चार फिल्म पुरे. वरची एक, मग '२१-८७', 'फ्री फॉल', 'अ ट्रिप डाउन मेमरी लेन', मिळून साधारण ४० मिनिटं. लहान मुलं येणार असतील तर आधी स्वतः बघून ठरवा. एकामागून एक सलग लावू नका, मध्ये २-३ मिनिटं अंधार ठेवा, डोळ्यांना खरंच गरज असते. इंग्रजी बोलण्याचं काय असं विचारतात, सबटायटल वाचत बसलं तर चित्र निसटतं म्हणून सुरुवातीलाच चार ओळीत मराठीत सांगून टाका.

आणि पहिली फिल्म दोनदा दाखवा, ओळीने. आमच्याकडे पहिल्या वेळी सगळे गप्प, दुसऱ्या वेळी एक आजी म्हणाल्या, "अरे, हे तर दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर कानावर पडतं तसं आहे." त्यानंतर लोक मोकळे बोलायला लागले.

डिसेंबरात साडेसहाला अंधार होतो, सतरंज्या आणि शाली आधीच वर नेऊन ठेवा.