डिग्री नसताना आयटीत शिरायचंय? पहिल्या अर्जाआधीची तयारी

सगळ्यात आधी वही काढा आणि वर्षभराचा खर्च मांडा. घरात द्यायचे पैसे, नेटचं रिचार्ज, बसपास, एखाद्या परीक्षेची फी, आणि मध्येच लॅपटॉप बिघडला तर लागणारी रक्कम. हे पहिलं लिहितोय कारण मी हेच केलं नव्हतं. आयटीआय करून नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली, मग प्रोग्रामिंग शिकायचं म्हणून नोकरी सोडली आणि साठवलेले पैसे ‘जॉब गॅरंटी’ देणाऱ्या एका क्लासला भरले. पाचव्या महिन्यात हात रिकामे झाले. परत शिफ्टला लागलो, आणि खरं शिकणं तिथून पुढे झालं. म्हणून हातातली नोकरी सोडू नका. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळचे तीन-चार तास सलग मिळतात, ते नव्या विषयाला द्या. नाइटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, झालेलंच पुन्हा करा. घरच्यांना ही वेळ आधीच सांगून ठेवा, नाहीतर गॅस सिलिंडरपासून पाहुण्यांपर्यंत सगळं तुमच्याच वाट्याला येतं. घरात जागा नसेल तर नाशकात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका भरपूर आहेत, तिथे महिन्याच्या बोलीवर खुर्ची मिळते.

क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोन-तीन जणांना स्वतः भेटा, क्लासने पुढे केलेल्यांना नव्हे. आणि कुणी ‘दोन वर्षांचं अनुभवपत्र करून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. कारखान्यात पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठे, किती दिवस काम केलं याची नोंद असते आणि कंपन्या ती तपासतात. खोटं पत्र पकडलं गेलं की लागलेली नोकरीही जाते. उलट खऱ्या सहा वर्षांच्या कारखान्याच्या नोकरीला लपवण्यासारखं काही नाही, ती रेझ्युमेत लिहा. वेळेवर येणारा, तक्रार नीट ऐकणारा, मशीन बंद पडल्यावर डोकं शांत ठेवणारा माणूस सपोर्टच्या कामाला हवाच असतो.

मग दार ठरवा, एकच. हेल्पडेस्क (कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवणं) आणि नेटवर्किंग, टेस्टिंग (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं), वेब डेव्हलपमेंट (वेबसाइट बनवणं) ही तीन दारं मला त्यातल्या त्यात उघडी वाटतात. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत डिग्री आणि टक्के यांची चाळणी पहिल्याच पायरीला लागते, तिथे वेळ घालवू नका. लहान कंपन्या, एजन्सी, अंबड-सातपूरच्या कारखान्यांमधले आयटी विभाग इथे माणूस बघून घेतात. नेटवर्किंग निवडलं तर सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेला डिग्रीची अट नाही, मात्र ते प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं. दहावीनंतर लगेच वळायचं असेल तर आयटीआयमध्ये ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एका वर्षाचा ट्रेड आहे, त्यापुढे शिकाऊ उमेदवारीही करता येते. नुकती बारावी झाली असेल तर झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या तमिळनाडूतल्या शाळा आणि एचसीएल कंपनीचा बारावीनंतर प्रशिक्षण देऊन कामावर घेणारा टेकबी हा कार्यक्रम, हे दोन मार्ग नक्की बघून ठेवा.

यंत्र सेकंडहँड चालेल. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असलेला लॅपटॉप घ्या आणि त्यावर लिनक्स ही विंडोजसारखी पण फुकट मिळणारी प्रणाली टाकून बघा, कारण पुढे सर्व्हरवर तेच भेटणार आहे. शिकायला फुकट साहित्य इतकं आहे की निवडतानाच माणूस थकतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी आधी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल सांगतो, त्यात लिनक्स, पायथनसारख्या विषयांवर मराठी आवाजातले धडे आहेत. धडा मराठीत समजून घ्यायचा आणि मग तोच इंग्रजीत ऐकायचा. त्यानंतर फ्रीकोडकॅम्प किंवा हार्वर्डचं सीएस५० हे फुकट ऑनलाइन कोर्स, यांपैकी एकच घ्या आणि शेवटपर्यंत न्या.

आता प्रकल्प, आणि इथे घाई करू नका, कारण डिग्रीच्या जागी तुम्ही समोर ठेवणार आहात ते हेच. कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट सगळेच करतात. आपल्या जिल्ह्यात कांदा आहे, तो घ्या. बाजार समित्यांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर एपीआयने, म्हणजे तुमच्या प्रोग्रामला थेट माहिती मागता येते अशा सोयीने, मिळतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव, क्विंटलमागे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे भाव शेजारी शेजारी दाखवणारं एक साधं पान करा. करायला बसलात की खरी शाळा सुरू होते. लासलगाव तिथे एकाच नावाने येत नाही, निफाड आणि विंचूर कंसात लावलेली नोंदही वेगळी येते. ती एकत्र धरायची की वेगळी, हा निर्णय तुमचा. बाजार बंद असतो त्या दिवसाची नोंदच नसते, ती शून्य धरली तर आलेख कोसळलेला दिसतो आणि शेतकरी घाबरतो. एपीआय बंद पडला तर पानावर काय दिसेल? जुना भाव दाखवणार असाल तर त्यावर तारीख आहे का? आता मी स्वतः मुलाखती घेतो, तेव्हा असंच विचारतो. ज्यानं स्वतः हातानं केलंय तो अशा प्रश्नावर खुलतो, ज्यानं व्हिडिओ बघून उतरवलंय तो गप्प होतो.

कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि त्यातला प्रत्येक बदल तारखेसह दाखवणाऱ्या साइटवर, रोजच्या रोज चढवा. एका रात्रीत टाकलेल्या पन्नास फायली बघणाऱ्याला लगेच कळतात. त्याच साइटच्या गिटहब पेजेस या सोयीवर पान फुकट चालतं, तो दुवा रेझ्युमेत सगळ्यात वर असू द्या. मग गावाकडच्या एखाद्या काकांना फोनवर ते उघडायला लावा आणि काही न बोलता बघत बसा. ते कुठे अडले हे लिहून घ्या, दुरुस्त करा, आणि हा बदलही नोंदवून ठेवा.

इंग्रजीचं भय मला खूप होतं. उपाय एकच लागू पडला: रोज आपल्याच कोडचा एक तुकडा दहा मिनिटं मोठ्यानं इंग्रजीत समजावून सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं. महिन्याभरात तीच तीच वाक्यं तोंडात बसतात, आणि मुलाखतीत बहुतेक तीच लागतात.

कागदपत्रांत आधार, पॅन आणि दहावीची मार्कशीट यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आजच बघा. फॉर्ममध्ये शिक्षणाच्या रकान्यात जे आहे तेच भरा. डिग्रीचं दार कायमचं बंद करू नका. नाशिकजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, नोकरी लागल्यावर तिथून पदवी करता येते. काही कंपन्यांत बढतीला आणि परदेशी व्हिसाला ती नसणं पुढे आडवं येतं, हे मी जवळून पाहिलंय.

मुलाखत पुण्याला असेल तर थेट रेल्वेवर विसंबू नका, एसटीनं आदल्या रात्रीच पोचा. मुंबईसाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आहे, पण वेळ दुपारचीच मागून घ्या. प्रकल्पाची एक प्रत नेटशिवाय चालेल अशी लॅपटॉपवर ठेवा आणि चार्जर बॅगेत टाका. परतीच्या बसमध्ये झोपण्याआधी ज्यांची उत्तरं आली नाहीत ते प्रश्न वहीत उतरवून काढा, सकाळपर्यंत त्यातले निम्मे विसरलेले असतात.