अटलांटिक रेकॉर्ड्सची पहिली वीस वर्षं: क्रमानं ऐकायची कशी

जॅझ ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं इंदूरमध्ये मला बरेच जण विचारतात. विचारणारी मंडळी गाण्यातली असतात. अमीर खाँसाहेबांचा झुमरा डोळे मिटून तासभर ऐकणारी. त्यांना मी कलाकाराचं नाव सांगतच नाही, कंपनीचं सांगते: अटलांटिक, न्यूयॉर्क, १९४७ ते १९६७. या वीस वर्षांत ही स्वतंत्र, छोट्या भांडवलाची कंपनी होती. नाचाची गाणी विकून घर चालवायची आणि त्याच घरात जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनलाही रेकॉर्ड करायची. तारखेच्या क्रमानं ऐकलं की रिदम अँड ब्लूज (काळ्या अमेरिकनांचं नाचाचं लोकप्रिय संगीत) आणि जॅझ यांतलं नातं कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आधी वही करा. खजुरी बाजारात लांब खातेवही मिळते, तीच घ्या, कारण रकाने बरेच लागतात: रेकॉर्डिंगची तारीख, गाव, मुख्य कलाकार, साथीदार, ध्वनिमुद्रक, गीतकार. शेवटचा रकाना पैशांचा, तो सुरुवातीला कोरा ठेवा. तारीख लिहिताना ॲपवर विसंबू नका. तिथं पुष्कळदा नंतर निघालेल्या संचाचं साल दाखवतात, आणि १९४९चं गाणं या शतकातलं होऊन बसतं. संचाच्या पुस्तिकेत किंवा कलाकाराच्या ध्वनिमुद्रण-सूचीत सत्राची तारीख असते, ती उतरवून घ्या. सुरुवातीच्या काळातली गाणी मोनोच, म्हणजे डावा-उजवा असा फरक न केलेल्या एकाच आवाजात, ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र नको. उभ्या बासचा, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा, आवाज त्यात येतच नाही, आणि या कंपनीचा जीव बासमध्ये आहे. घरातला जुना स्पीकर चालेल, वायर जेल रोडवर मिळते.

पहिलं पान १९४७चं. अहमेत एर्टेगुन हा वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताचा मुलगा. तो आणि थोरला भाऊ नेसुही, दोघं दूतावासातच काळ्या-गोऱ्या वादकांना एकत्र बसवून जॅझ वाजवून घेत, आणि हे त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये, जिथं बहुतेक ठिकाणी अशी बैठक होऊच शकत नव्हती. वडील १९४४ साली गेले. पुढं अहमेतनं हर्ब अब्रॅमसनबरोबर कंपनी काढली. भांडवल आलं वाहदी सबित या दंतवैद्याकडून, दहा हजार डॉलर. १ जानेवारी १९४८पासून वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बंदी जाहीर केली होती, म्हणून १९४७चे शेवटचे आठवडे या दोघांनी मिळेल ते रेकॉर्ड करून ठेवण्यात घालवले. त्यातलं फारसं काही चाललं नाही. दोन-तीन नमुने ऐका आणि पुढं चला.

थांबायचं ते १९४९वर. त्या वर्षी स्टिक मॅगीचं दारूवरचं गाणं चाललं आणि कंपनी जगली. त्याच वर्षी गायिका रूथ ब्राउन आली. १९४८ साली करारासाठी न्यूयॉर्कला येताना तिच्या गाडीला अपघात झाला आणि तिनं सही केली ती इस्पितळाच्या खाटेवरून. तिची दोन गाणी पाठोपाठ लावा: १९४९चं ‘सो लाँग’ आणि १९५०चं ‘टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’. पहिल्यात ती सुरांवर रेंगाळते. दुसऱ्यात ताल तिला पुढं ढकलतो, आणि वरच्या स्वरावर जाताना आवाज किंचित फाटतो, किंकाळीसारखा. लोक त्या फाटलेल्या स्वरासाठी रेकॉर्ड घेत. ‘रूथनं बांधलेलं घर’ असं या कंपनीला म्हणू लागले ते तिच्यामुळे. गाणी जेमतेम तीन मिनिटांची असतात, तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे आलाप कधी संपतो याची वाट पाहू नका. प्रत्येक गाणं तीनदा ऐका: एकदा गळा, एकदा सॅक्सोफोन, एकदा फक्त बास आणि ड्रम.

ध्वनिमुद्रकाच्या रकान्यात आता टॉम डाउड हे नाव वारंवार येईल. हा तरुणपणी अणुबाँबच्या मॅनहटन प्रकल्पात काम केलेला माणूस. ५६व्या रस्त्यावरच्या २३४ क्रमांकाच्या इमारतीत कंपनीचं ऑफिस होतं. संध्याकाळी टेबलं बाजूला सरकवायची, एकावर एक रचायची आणि तिथंच वादक बसवायचे. अशा खोलीत झालेली ही रेकॉर्डिंग्ज इतकी स्वच्छ कशी, हे डाउडच्या कानाचं श्रेय. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं, यंत्र आणवलं. मोठ्या कंपन्या तेव्हा दोन-तीन ट्रॅकवर काम करत होत्या.

गीतकाराच्या रकान्यात ‘नुगेत्रे’ दिसलं तर चमकू नका. एर्टेगुनची रोमन अक्षरं उलटी लिहिली की हे होतं. मालक स्वतः गाणी रचत होता.

गायक आणि पियानोवादक रे चार्ल्ससाठी वहीची तीन-चार पानं सोडा. १९५२ साली अडीच हजार डॉलर देऊन त्याचा करार दुसऱ्या कंपनीकडून घेतला. १९५३ साली जेरी वेक्सलर कंपनीत आला. बिलबोर्ड साप्ताहिकात असताना ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ करणारा तोच. १८ नोव्हेंबर १९५४ला अटलांटा शहरातल्या एका रेडिओ केंद्रात ‘आय गॉट अ वुमन’ रेकॉर्ड झालं. चर्चमधल्या भजनाचा साचा, वर प्रेयसीचे शब्द. आपल्याकडे कीर्तनातली चाल जशीच्या तशी उचलून बैठकीच्या लावणीला लावली तर जे होईल, तेच तिकडे झालं. भाविक संतापले, बाकीचे नाचले. नंतर १९५९चं ‘व्हॉट्ड आय से’ लावा. सहा मिनिटांहून लांब गाणं, म्हणून डाउडनं त्याचे दोन भाग करून रेकॉर्डच्या दोन बाजूंना घातले. सुरुवातीचा विजेचा पियानो एकटा किती वेळ चालतो ते बघा, आणि शेवटी बायकांचे आवाज व तो एकमेकांना नुसते हुंकार देतात ते. मला या वीस वर्षांतलं सर्वांत मोलाचं रेकॉर्डिंग हेच वाटतं, कोल्ट्रेन धरूनही.

जॅझचं खातं १९५५ साली आलेल्या नेसुहीकडे. इथं क्रमांकांचा उपयोग करा. जॅझच्या लाँग प्ले रेकॉर्डना १२००च्या पुढचे, लोकप्रिय गाण्यांना ८०००च्या पुढचे आकडे असत. रे चार्ल्स दोन्हीकडे सापडतो. ‘जायंट स्टेप्स’चा क्रमांक १३११ आणि लगेच पुढचा १३१२ रे चार्ल्सचा ‘द जीनियस ऑफ रे चार्ल्स’. मे १९५९मध्ये, ४ आणि ५ तारखेला, कोल्ट्रेननं ‘जायंट स्टेप्स’मधले बहुतेक तुकडे वाजवले. २२ तारखेला हॉलिवूडमध्ये दुसरा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननं अटलांटिकसाठी ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ वाजवलं. हे दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ ऐका. कोल्ट्रेन सूरसंगतींच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, म्हणजे कॉर्डच्या) जिन्यावरून पळतो, कोलमन जिनाच काढून टाकतो. ‘जायंट स्टेप्स’मध्ये पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन आपल्या पाळीला अडखळतो, नुसत्या सुट्या संगती वाजवतो. तो भाग मुद्दाम दोनदा ऐका, म्हणजे ती वाट किती अवघड होती ते कानाला कळेल. आधी १९५६चं बासवादक चार्ल्स मिंगसचं ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ ऐकलेलं असेल तर उत्तमच.

आता कोरा रकाना भरा. रूथ ब्राउननं पुढं मोलकरणीचं काम केलं, शाळेची बस चालवली. रॉयल्टीसाठी वकिलाबरोबर ती वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठं १९८८ साली कंपनीनं जुने हिशेब सुधारले आणि गरजू कलाकारांसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहायला पैसे दिले. ‘टीअरड्रॉप्स’समोर हे लाल शाईनं लिहा. काही ओळींसमोर ‘टेप जळाली’ असंही येईल. फेब्रुवारी १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या गोदामाला आग लागली, आणि कधीच न निघालेल्या कितीतरी सत्रांची आता फक्त नोंद उरली आहे.

शेवटचं पान १९६७. जानेवारीत गायिका अरेथा फ्रँकलिनला अलाबामातल्या मसल शोल्सला नेऊन रेकॉर्ड केलं, आणि त्याच वर्षी कंपनी साडेसतरा दशलक्ष डॉलरना वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. विक्रीनंतर मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीला कळलं की अटलांटिकनं आजवर वितरित केलेल्या त्यांच्या रेकॉर्डिंग्जची मालकी करारानुसार अटलांटिकचीच आहे. तेव्हा ही वही इथं मिटा आणि स्टॅक्ससाठी दुसरी घ्या, १९६०पासून.