कोड पुसायची घाई नको: कार स्कॅनर वापरताना

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोड आला, मोबाइलवर शोधला आणि थेट सेन्सर मागवला. पैसे वाया जातात ते इथेच. कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव नव्हे. कुठलं माप पटत नाही, एवढंच ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) त्यातून सांगतो.

ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) १६ पिनांचं असतं आणि बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास सापडतं. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं. इग्निशन बंद ठेवून स्कॅनर लावा, मग चावी ऑनवर न्या. पुश बटण असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बहुधा दोनदा बटण दाबावं लागतं. इंजिन एवढ्यात सुरू करू नका. आधी साठलेले आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) असे दोन्ही कोड वाचा, मग फ्रीझ फ्रेम उघडा. दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि लोड त्यात असतात. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कारण कोड पुसला की ही माहितीही जाते आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) शून्यावर येतात. ते पुन्हा पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं आणि हायवेवरचं असं थोडं ड्रायव्हिंग व्हावं लागतं.

आता लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांची त्या क्षणीची मापं. स्कॅनरची खरी किंमत वसूल होते ती इथे. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. कूलंट −४० दाखवत असेल तर पुण्यात बर्फ पडलेला नाही. सेन्सरचा कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय. (पावसाळ्यात उंदरांवर पहिला संशय घ्यावा.) इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५. इंजिन सुरू करून आयडलिंगला ठेवलं की पेट्रोल गाडीत तो बराच खाली यायला हवा.

पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), हा कोड आला तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. शॉर्ट (क्षणाक्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिम यांची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला +२० आणि २,५०० आरपीएमला +५ वर उतरत असेल तर व्हॅक्यूम गळती शोधा: फाटलेला होज, इनटेकचं गॅस्केट. उलट, आरपीएम आणि लोड वाढवल्यावर आकडा चढत असेल तर पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे वळा. सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळं मोजा. फक्त गॅसवर बिघडत असेल तर किटचं ट्यूनिंग, गॅस फिल्टर आणि इंजेक्टर बघायचे, इंजिन खोलायचं नाही.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग (जळण चुकणं). त्याची कॉइल दोन नंबरच्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०१ कायम राहिला तर प्लगची अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

स्कॅनरच अडला तर? स्क्रीन पेटतच नसेल तर सॉकेटमध्ये वीज नाही. मल्टिमीटरने १६ नंबरची पिन (खालच्या ओळीत उजवीकडे शेवटची) आणि ४ नंबरची (वरच्या ओळीत डावीकडून चौथी) यांच्यात १२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. नसतील तर फ्यूज बघा. अनेक गाड्यांत हाच फ्यूज सिगारेट लायटरलाही असतो. चार्जरमुळे तो उडालेला असतो आणि दोष स्कॅनरला लागतो.

स्क्रीन पेटते, पण 'लिंक एरर' (गाडीशी संवाद होत नाही) येतो? आधी इग्निशन खरंच ऑन आहे का ते बघा आणि वाकलेली पिन शोधा. मग इग्निशन बंद करून, बॅटरीची मायनस केबल काढून, ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजा. कॅन वायरिंग (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या दोन वायरी) ठीक असेल तर ६० ओहमच्या आसपास येतो. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (१२० ओहमचा रोध) तुटलाय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. जुन्या के-लाइन (एकाच वायरीवर बोलणाऱ्या) गाड्यांत संवाद ७ नंबरच्या पिनवर चालतो, तिथे हे माप लागू नाही. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टीम आधी काढून बघा.

एकदम पाच-सहा मॉड्यूलचे (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांचे) यू-कोड, म्हणजे संवाद तुटल्याचे कोड, दिसले तर आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टपेक्षा कमी असेल तर चार्ज करून पुन्हा स्कॅन करा. एबीएस किंवा एअरबॅग दिसतच नसेल तर तो बिघाड असेलच असं नाही. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचतात, बाकीच्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढा. आठवडाभर उभ्या गाडीत तो बॅटरी पीत बसतो.