जपानी त्सुबा ओळखताना या चुका टाळा

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी चकती म्हणजे त्सुबा. साधारण 7-8 सेंटिमीटरची, बहुधा लोखंडाची, मधोमध पात्याच्या शेपटासाठी भोक. हौशी माणसाच्या हाती ती लागली की तो आधी चित्र पाहतो, मग सही शोधतो, आणि तशाच चित्राची दुसरी त्सुबा नेटवर सापडली की तिचं घराणं हिला चिकटवून मोकळा होतो. हा क्रमच उलटा आहे. आधी धातू, मग कड, मग भोकं, मग कोरीवकाम; सही सगळ्यात शेवटी.

चित्रावरून घराणं ठरवणं

रानहंस, करकोचे, चंद्र, उमलती फुलं यांवर कुणाची मालकी नव्हती. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, आकासाका घराण्याने क्योतो आणि ओवारीच्या जाळीदार नक्ष्या बिनदिक्कत उचलल्या. हिगो प्रांतातल्या (आजचं कुमामोतो) हायाशी घराण्याच्या सतराव्या शतकातल्या नक्ष्या कामियोशी कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात पुन्हा घडवल्या. चित्र तेच, पण मध्ये दीड-दोनशे वर्षं.

त्यामुळे काय काढलंय यापेक्षा रेघ कशी ओढलीय ते बघा. क्योतोच्या जाळीत रेघ बारीक आणि डौलदार असते. ओवारी म्हणजे नागोयाच्या आसपासचा मुलूख. तिथली रेघ दणकट, आणि रचना बरेचदा अशी की डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब वाटावी. ओवारीच्या कडेवर लोखंडाच्या गाठी दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात. कानायामा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्सुबा आकाराने लहान पण जाड, आणि त्यांच्या गाठी आणखी ठसठशीत. आकासाकाच्या कडेवर त्या सहसा नसतात.

इथे नवखा हमखास फसतो, कारण गंजाने खाल्लेली कड त्याला गाठींची वाटते. बोट फिरवून बघा. गाठ वर आलेली असते, गुळगुळीत आणि किंचित चकाकणारी. कमी-अधिक कठीण लोखंड एकत्र घडवल्यामुळे ती उमटते. गंजाचा खड्डा आत जातो आणि त्याच्या कडा खरखरीत लागतात.

आधी घासणं, मग विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात आणि ही होत नाही. लोखंडी त्सुबेवरचा काळा किंवा गडद तपकिरी थर मळ नसतो, तो मुद्दाम आणलेला आणि पुढे पिढ्यान्पिढ्या हाताळून मुरलेला असतो. हिगोच्या कामाची निम्मी ओळख तर त्या काळ्याभोर, मऊ झळाळीतच आहे. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड लावलं की ती गेली, आणि मग मोठा जाणकारसुद्धा फारसं काही सांगू शकत नाही. लाल, सुटा गंज हरणाच्या शिंगाच्या किंवा हाडाच्या तुकड्याने हळूहळू खरवडतात. त्याला दिवस लागतात, लागू द्यावेत.

शाकुदोच्या बाबतीत तर दुप्पट जपायला हवं. तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेला हा मिश्रधातू; रासायनिक प्रक्रियेने त्यावर निळसर काळा रंग चढवतात. गोतो घराण्याचं बरंच काम याच धातूत आहे, वर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे ठोकलेले. काळं पडलेलं तांबं समजून कुणी त्यावर पितांबरी किंवा चिंच चोळली, तर अर्ध्या मिनिटात ती झळाळी उतरते.

भोकांकडे दुर्लक्ष

धारेची बाजू वर धरून मुठीकडच्या अंगाने पाहिलं, तर मधल्या भोकाच्या डावीकडचं अर्धचंद्रासारखं भोक कोझुका या छोट्या सुरीसाठी असतं, आणि उजवीकडचं, खाच असलेलं, कोगाई या सळईसाठी. ही भोकं मूळ नक्षीला कापून गेली असतील तर ती मागाहून पाडलेली आहेत, आणि त्सुबा त्यांच्याहून जुनी आहे. मधल्या भोकाच्या कडेला छिन्नीचे ठोके किंवा तांब्याचे तुकडे दिसले, तर ती एका तरी तलवारीवर नीट बसवली गेली होती. मात्र उलटं अनुमान काढू नका. ठोके नाहीत म्हणजे नकली असं नसतं. काही त्सुबा कधी तलवारीवर चढल्याच नाहीत.

ओतीव नकलेचा संशय असेल तर जाळीच्या आतल्या भिंती भिंगातून बघा. तिथे साच्याची शिवण, बुडबुड्यांचे खळगे आणि कानशीच्या खुणांचा अभाव एकत्र दिसला, तर पैसे खिशातच राहू द्या. वाजवून खणखणतेय का ते बघण्यावर माझा विश्वास नाही.

सहीला शरण जाणं

नोबुइए, कानेइए, यामाकिचिबेई ही त्सुबा घडवणाऱ्या कारागिरांची नावं जितकी मोठी, तितक्या त्यांच्या खोट्या सह्या जास्त. सगळ्यात बोलका दाखला सोतेनचा: हिकोने गावचं हे घराणं, माणसं आणि देखावे दाटीवाटीने कोरणारं. ते काम इतकं खपलं की दूर उत्तरेत आइझूमध्ये त्याच्या नकला निघाल्या, त्याही सोतेनच्या सहीसकट. शिवाय 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यावर कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं आणि परदेशी ग्राहकांसाठी भपकेबाज माल होऊ लागला. सही असलेली सुमार त्सुबा आणि सही नसलेली जुनी, चांगल्या लोखंडाची त्सुबा समोर असतील, तर मी डोळे मिटून दुसरी उचलेन.

नानबान म्हणजे गोव्याची?

आपल्याकडे हा गोड गैरसमज सहज होतो. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले, पुढे त्यांची जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात, आणि या दक्षिणेकडून आलेल्या परक्यांना जपानी लोक नानबान म्हणत. इथवर सगळं खरं. पण नानबान त्सुबा, म्हणजे गुंतागुंतीच्या वेलबुट्टीत ड्रॅगन आणि मणी गुंफलेल्या, बहुतेक नंतरच्या आहेत. पोर्तुगिजांना 1639 मध्ये हाकलल्यावरही ही शैली नागासाकीच्या परिसरात आणि इतरत्र चालू राहिली, आणि तिच्यात चिनी वळण ठळक आहे. तेव्हा कुणी ‘गोव्यात घडलेली’ म्हणून जास्त किंमत सांगू लागला तर पुरावा मागा.

हट्टाने एकच नाव मागणं

काही नावं मुळातच ढोबळ आहेत. जुन्या बिनसहीच्या लोखंडी त्सुबांपैकी सपाट, पातळ त्या तोशो म्हणजे तलवार घडवणाऱ्यांच्या, आणि उठावाची कड असलेल्या त्या कात्चुशी म्हणजे चिलखत घडवणाऱ्यांच्या, अशी वाटणी रूढ आहे. ती सोयीची आहे, जन्मदाखला नव्हे. शोआमीचं तसंच: क्योतो, इयो, आइझू, आकिता अशा अनेक ठिकाणी शाखा, त्यामुळे कुठेच न बसणारी त्सुबा शेवटी शोआमीत जाते. विक्रेत्याने नुसतं ‘शोआमी’ लिहिलं असेल तर त्यातून फार काही कळलं असं समजू नका.

जाणकाराला विचारताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो फ्लॅश न वापरता, दिवसाच्या तिरप्या उजेडात काढा; उंची, रुंदी, आणि जाडी कडेला व मध्यभागी अशी दोन्हीकडे मोजून द्या. सोबत टोकियोच्या एनबीटीएचके या, जपानी तलवारींचं जतन करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा फोटो हातातल्या त्सुबेशी ओरखड्यागणिक जुळवून पाहा, कारण कागद एकीचा आणि त्सुबा दुसरीच, हेही घडतं. 1982 च्या आधीच्या जुन्या पद्धतीची प्रमाणपत्रं असतील तर पुन्हा तपासून घेतलेली बरी.