वर्गातील मदतनिसासाठी शाळेकडे मागणी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळेत दिव्यांग मुलाचे नाव घातले की पालकांचा पहिला प्रश्न असतो तो म्हणजे वर्गात त्याच्याजवळ बसायला कोणी मिळेल का. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ‘वर्गातील मदतनीस’ असे पद नाही, आणि ‘कायद्यात तरतूद नाही’ एवढे ऐकून पालक परत फिरतात. ते उत्तर अपुरे आहे. मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांत प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय आणि वैयक्तिक साहाय्य मिळावे, तसेच ज्याला अधिक साहाय्य लागते त्याच्या मदतनिसालाही प्रवासाची सोय मिळावी, यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी कलम 16 सरकारवर टाकते. म्हणून अर्जात पद मागू नये, साहाय्य मागावे.

त्यासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि मोफत पुस्तके-साधने मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट आहे. कलम 16 ला ती नाही. प्रमाणपत्र देशभर चालते, त्यामुळे पूर्वी महाराष्ट्रात राहत असताना ते काढले असेल तरी सीमेच्या अलीकडे ते ग्राह्य आहे.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. कार्यालयातील कामकाज कन्नडमध्ये चालत असल्याने मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडलेली बरी. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच मात्र न चुकता घ्यावी. ‘मुलाला मदत हवी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा दिवसभराचे वर्णन लिहावे : शाळेच्या पायऱ्या चढताना, शौचालयात, बिसियूटच्या (शाळेतील दुपारच्या जेवणाच्या) वेळी, पाटीवर लिहिताना नेमके काय अडते आणि किती वेळ लागतो. मुलगी असेल तर मदतनीस स्त्रीच असावी आणि मदतनिसाला मराठी बोलता यावे, हेही नमूद करावे.

विशेष शिक्षक आणि मदतनीस यांची गल्लत होऊ देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, असे जे प्रमाण सांगितले ते विशेष शिक्षकांचे आहे. धडा शिकवणे आणि तो मुलासाठी सोपा करून घेणे हे शिक्षकांचे काम. मदतनिसाने मुलाला त्या धड्यापर्यंत पोचवायचे असते. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सीमुळे) हात थरथरणाऱ्या मुलाची पाटी घसरत असेल, तर मदतनिसाने तिच्याखाली ओले फडके घालावे, पेन्सिलीला कापडाची जाड गुंडाळी करून द्यावी आणि मग हात मागे घ्यावा. त्याचा हात धरून ‘क’ गिरवला तर वही सुंदर दिसते, पण ते अक्षर मदतनिसाचे असते. मदतनीस सतत मध्ये बसल्यास शेजारचा मुलगा त्याच्याशी बोलेनासा होतो, हेही मी पाहिले आहे. म्हणून मधल्या सुट्टीत मदतनिसाने चार पावले दूर राहावे, हे मदतनिसाविषयीच्या शाळेच्या ठरावातच लिहून घेणे चांगले. हा ठराव एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत करून घ्यावा.

परीक्षेसाठी लेखनिक, जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सोयी कलम 17 मध्ये येतात. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड व इंग्रजी या दोन्हींचे ओझे असते, त्यामुळे सूट मोहक वाटते. तथापि बस, बँक आणि पंचायत कन्नडवर चालणाऱ्या या भागात ती सरसकट घेऊ नये, असे माझे मत आहे. लेखी सूट घेतली तरी बोलीपुरती कन्नड कानावर पडू द्यावी.

अर्जाला उत्तर न आल्यास पोचेच्या प्रतीसह बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केल्यास संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची असते.